निर्णयाखाली सही कुणाची?

एखाद्या खात्याचे नाव बदलले की त्या खात्याची वृत्तीही बदलते, अशी आपल्याकडे एक भाबडी समजूत आहे. मी ज्या कारखान्यात बत्तीस वर्षे नोकरी केली, तिथल्या आमच्या खात्याच्या दारावरची पाटी माझ्या देखत दोनदा बदलली. मी लागलो तेव्हा तिच्यावर 'आस्थापना' असे होते. मग 'पर्सोनेल' झाले. निवृत्तीच्या सुमारास 'मानव संसाधन विकास' अशी लांबलचक अक्षरे आली आणि पाटी दारापेक्षा रुंद झाली. आत मात्र तीच लोखंडी कपाटे, तीच हजेरीपटांची चळत, तेच रजेचे अर्ज आणि तीच आम्ही माणसे!

आमची काय कथा? खुद्द दिल्लीने १९८५ साली शिक्षण मंत्रालयाला मानव संसाधन विकास मंत्रालय असे नाव दिले आणि २०२० साली ते पुन्हा शिक्षण मंत्रालय केले. मधली पस्तीस वर्षे या देशातले दप्तर पाठीला लावून शाळेत जाणारे प्रत्येक पोर सरकारदरबारी 'संसाधन' होते. शाळा त्याच, मास्तर तेच.

खरे सांगायचे तर संसाधन हा शब्द मला कधी रुचला नाही. कोळसा हे संसाधन, पाणी हे संसाधन, जमीन हे संसाधन. त्या पंगतीत माणसाला बसवले की त्याचाही साठा मोजावासा वाटतो. किती उरला, किती झिजला, किती टाकाऊ झाला याचा हिशेब मांडावासा वाटतो. पण नुसत्या शब्दावर रागावून न्याय होत नाही. ज्यांनी हा विचार आपल्याकडे रुजवला त्यांचा हेतू उमदा होता. अहमदाबादच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटमधल्या उदय पारीक आणि टी. व्ही. राव या दोघांनी १९७५ साली लार्सन अँड टुब्रो या कंपनीला कर्मचाऱ्यांच्या मूल्यमापनाची नवी पद्धत सुचवली. तिचा गाभा असा की, साहेबाने वर्षाअखेर गुपचूप शेरा लिहून मोकळे होऊ नये. हाताखालच्या माणसाशी बसून बोलावे, त्याच्या अंगी काय वाढू शकेल ते पाहावे आणि त्याला वाढू द्यावे. माणूस म्हणजे पगारपत्रकातला खर्च, या जुन्या हिशेबापेक्षा हे कितीतरी पुढचे पाऊल होते.

आज त्या पावलांची धाव झाली आहे. मी राहतो त्या बडोद्याच्या अलकापुरीत (कागदोपत्री वडोदरा, घरात आमच्या तोंडी अजून बडोदेच!) घरात बसून परदेशी कंपन्यांची कामे करणारी तरुण मुले गल्लोगल्ली आहेत. त्यांची हजेरी संगणक घेतो, रजा संगणक देतो, कामाचे गुण संगणक मांडतो. हे वाईट आहे असे म्हणण्याइतका मी जुनाट नाही. रजेच्या एका अर्जासाठी तीन टेबलांना नमस्कार करणारी माणसे मी पाहिली आहेत; तो नमस्कार गेला हे उत्तमच झाले. माझा प्रश्न वेगळा आहे. माणसाला जोखण्याची पद्धत अधिकाधिक अचूक होत गेली, म्हणजे ती आपोआप न्याय्य होते का?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला लांब जायला नको. अलकापुरीतून रेल्वेखालच्या गरनाळ्यातून पलीकडे गेले की सयाजीगंज लागते आणि तिथून थोड्याच अंतरावर कमाटीबाग.

मालेगावजवळच्या कवळाण्याचा शेतकऱ्याचा मुलगा १८७५ साली दत्तक येऊन बडोद्याच्या गादीवर बसला. त्या सयाजीराव महाराजांनी माणसे पारखण्यात आणि घडवण्यात जेवढे लक्ष घातले तेवढे त्या काळच्या फार थोड्या संस्थानिकांनी घातले असेल. अरविंद घोष इंग्लंडहून आले ते १८९३ साली बडोद्याच्या नोकरीत. जमीन-मोजणी आणि महसूल खात्यापासून सुरुवात करून पुढे ते इथल्या कॉलेजात शिकवू लागले. रमेशचंद्र दत्तांसारखा विद्वान अर्थशास्त्रज्ञ बडोद्याचा दिवाण झाला. अलकापुरीतून जाणारा हमरस्ता आज त्यांचेच नाव चालवतो. १८९० साली कलाभवन निघाले, १९०६ साली सक्तीचे प्राथमिक शिक्षण सगळ्या राज्यात लागू झाले. प्रांत, भाषा, जात न पाहता गुण हेरायचा, त्याला शिकवायचे आणि राज्याच्या कामी लावायचे, असे हे धोरण होते. आजच्या भाषेत बोलायचे तर मनुष्यबळाची यापेक्षा आधुनिक व्यवस्था तेव्हा हिंदुस्थानात सापडणे कठीण.

या व्यवस्थेतूनच १९१३ साली एका तरुणाला अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी शिष्यवृत्ती मिळाली. परत आल्यावर दहा वर्षे बडोदे सरकारची नोकरी करायची, असा करार झाला. त्या तरुणाचे नाव भीमराव रामजी आंबेडकर. १९१७ साली ते करार पाळायला बडोद्यात आले आणि अकाउंटंट जनरलच्या कचेरीत उमेदवार म्हणून रुजू झाले.

पुढे काय झाले ते त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे आणि धनंजय कीरांच्या चरित्रातही आहे. कचेरीतले शिपाई फायली त्यांच्या हातात देत नसत, लांबून टेबलावर फेकत. कचेरीत त्यांना प्यायला पाणी मिळत नसे. शहरात राहायला जागा मिळेना, म्हणून ते एका पारशी विश्रामगृहात नाव बदलून राहिले. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेल्या डझनभर माणसांनी त्यांना तिथून बाहेर काढले. शहरातल्या दोघा मित्रांकडे त्यांनी आसऱ्याबद्दल विचारून पाहिले. एकाने नोकर निघून जातील असे सांगितले, दुसऱ्याने बायकोला विचारावे लागेल असे सांगितले. मग ते बागेत जाऊन बसले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला निघून गेले. कमाटीबागेतली ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते.

या घटनेकडे आपण एरवी अस्पृश्यतेच्या इतिहासातले एक पान म्हणून पाहतो, आणि ते योग्यच आहे. पण मी आयुष्यभर आस्थापना विभागात काढल्यामुळे मला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. निवड बरोबर होती. शिष्यवृत्ती बरोबर होती. करार चोख होता. सर्वांत वरचा माणूस अनुकूल होता. कागदावर कुठेही खोट नव्हती. आणि तरीही दहा वर्षांचा करार दोन आठवडेसुद्धा धड टिकला नाही. कीर सांगतात की, आंबेडकरांनी महाराजांकडे लेखी गाऱ्हाणे पाठवले. ते महाराजांनी दिवाणांकडे पाठवले. आणि दिवाणांनी याबाबत काही करण्यास असमर्थता दाखवली. शिपायापासून दिवाणापर्यंत प्रत्येक जण म्हणू शकत होता की, हे माझ्या हातातले नाही. ज्याने 'हे माझ्या हातातले आहे आणि मी ते थांबवतो' असे म्हणायचे, तो माणूसच त्या साखळीत कुठे नव्हता. देशातला एक श्रेष्ठ बुद्धिमान माणूस बडोदे राज्याने गमावला तो या एका रिकाम्या जागेपायी.

आता तुम्ही म्हणाल, ते दिवस गेले. आज नियम आहेत, कायदे आहेत. खरे आहे. नियमांनी पुष्कळ केले. पण नियमांच्या पोटातही ही रिकामी जागा कशी लपून बसते याचे उदाहरण फार जुने नाही.

सरकारी नोकरीत ज्यांची हयात गेली त्यांना 'गोपनीय अहवाल' हे शब्द ऐकताच पोटात खड्डा पडल्यासारखे होईल. वर्षभर राबायचे आणि साहेबाने एका ओळीत आपले भविष्य लिहायचे. ती ओळ आपल्याला दिसणार नाही. फक्त शेरा प्रतिकूल असेल तरच कळवायचा, असा नियम. देव दत्त नावाचे सीमा सडक सेवेतले एक कार्यकारी अभियंता होते. त्यांना १९९३-९४ या वर्षासाठी 'चांगला' असा शेरा मिळाला. 'चांगला' म्हणजे प्रतिकूल थोडाच? म्हणून तो कळवला गेला नाही. पण बढतीसाठी पाचही वर्षांचे शेरे 'फार चांगला' असे लागत होते. एका 'चांगल्या' शब्दाने त्यांची बढती अडली आणि अडली कशाने हे त्यांना ठाऊक नव्हते. २००८ सालच्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, नोंद चांगली असो वा वाईट, ती प्रत्येक नोंद संबंधिताला कळवलीच पाहिजे, म्हणजे त्याला तिच्याविरुद्ध दाद मागता येईल. २००९ साली केंद्र सरकारने गोपनीय अहवालाची पद्धतच बदलली. नावातून 'गोपनीय' हा शब्द गेला आणि पूर्ण अहवाल कर्मचाऱ्याला दाखवायचे ठरले. एक ते दहा असे गुणही आले.

या बदलातला कुठला भाग मोलाचा? माझ्या मते गुण नव्हेत. गुण हे पुन्हा एक मोजमापच. मोलाचा भाग एवढाच की, ज्याच्याविषयी लिहिले त्याला ते वाचता येऊ लागले आणि लिहिणाऱ्याला त्याचे उत्तर द्यावे लागू लागले.

आमच्या घरात या विषयावर रोज रात्री जेवताना वाद होतो, कारण माझी सून याच धंद्यात आहे. एका परदेशी कंपनीचे मनुष्यबळाचे काम ती घरच्या मागच्या खोलीत बसून करते. ती हुशार आहे आणि तिचा मुद्दा बिनतोड असतो.

"बाबा, तुमच्या काळी साहेबाच्या गावचा असला की बढती मिळायची, हे तुम्हीच सांगता ना? आमच्या सिस्टिमला गाव नाही, आडनाव नाही. कोण कुणाचा भाचा, तिला काही कळत नाही."

हे मला कबूल करावे लागते. तोंड पाहून न्याय देणाऱ्या माणसापेक्षा तोंड न पाहणारे यंत्र बरे, असे वाटण्याजोगे प्रसंग मी पुष्कळ पाहिले आहेत. पण यंत्राला गाव नसले तरी यंत्र शिकते ते आपल्याच जुन्या वह्यांवरून. अमेरिकेतल्या अॅमेझॉन कंपनीने नोकरीसाठी आलेले अर्ज चाळायला एक संगणकी पद्धत तयार केली होती. तिला शिकवण्यासाठी आधीच्या दहा वर्षांतले अर्ज दिले. त्यांत बहुतेक पुरुषांचे. त्यावरून ती पद्धत असे शिकली की पुरुष म्हणजे चांगला उमेदवार. आणि अर्जात महिलांच्या एखाद्या मंडळाचा किंवा कॉलेजचा उल्लेख दिसला की ती गुण कापू लागली. कंपनीला ती मोडीत काढावी लागली. २०१८ साली ही बातमी जगभर छापून आली.

मी हे सांगितल्यावर सून म्हणाली, "ते मला ठाऊक आहे. पण खोट सापडली आणि ती बंद केली ना? माणसाच्या डोक्यातला पूर्वग्रह असा बंद करता येतो का?"

"येत नाही. पण ती खोट शोधली कुणी? माणसांनीच ना? कुणीतरी उघडून पाहिले म्हणून सापडली. तुमच्याकडे असे उघडून कोण पाहते?"

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "कमी करायच्या माणसांची यादी वरून येते, बाबा. मी फक्त निरोप पाठवते."

"वरून म्हणजे कुठून?"

"सिस्टिममधून. मला त्यातले एक नावसुद्धा बदलता येत नाही."

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हते, पण पानातली भाकरी तशीच राहिली होती. मला त्या क्षणी बडोद्याचे १९१७ सालचे दिवाण आठवले. असमर्थता तीच, फक्त तेव्हा ती एका माणसाची होती, आता ती यंत्रणेतच बसवून दिली आहे.

आमच्याच इमारतीतल्या एका गुजराती कुटुंबातला मुलगा अशाच एका यादीत गेला. कंपनी दुसरी. रात्री साडेनऊला निरोप आला आणि दहा मिनिटांत त्याचा संगणकाचा परवलीचा शब्द चालेनासा झाला. त्याने कारण विचारणारे पत्र पाठवले, तर उत्तर यंत्रानेच दिले की आपले म्हणणे आमच्यासाठी मोलाचे आहे. त्याचे वडील जुन्या पिढीतले, गिरणीत काम केलेले. ते दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आले आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला, "भाई, कोने मळवुं?" भेटायचे कुणाला?

मला वाटते, कुठल्याही व्यवस्थेची कसोटी या तीन शब्दांत आहे. गिरणीतसुद्धा माणसे काढली जात. पण मालक ठाऊक असे, मॅनेजर ठाऊक असे. त्याच्या दारात उभे राहून भांडता येई, घोषणा देता येत, विनवता येई. अन्याय होई, पण अन्यायाला पत्ता असे.

अलकापुरी म्हणजे मुळात कुबेराची नगरी. कालिदासाच्या मेघदूतातला यक्ष तिथलाच एक सेवक. कामात हयगय केली म्हणून धन्याने त्याला वर्षभरासाठी रामगिरीवर हद्दपार केले. ते ठिकाण म्हणजे आपले नागपूरजवळचे रामटेक असे पुष्कळ जण मानतात. शिक्षा कठोर होती. पण त्या यक्षाला तीन गोष्टी ठाऊक होत्या: शाप कुणी दिला, कशासाठी दिला आणि तो कधी संपणार. कार्तिकात विष्णू शेषशय्येवरून उठला की आपली सुटका, हे तो मेघाला सांगू शकला. आजच्या अलकापुरीतल्या त्या मुलाला यांतले एकही ठाऊक नव्हते. कुबेराच्या कारभारापेक्षा आमचा कारभार मागासलेला, असेच म्हणायचे का?

आणखी एक गोष्ट मला दुभाषिक मुलखातल्या वाचकांपुढे मुद्दाम मांडायची आहे. तुमच्याकडे घरात मराठी आणि कचेरीत कानडी किंवा तेलुगू. आमच्याकडे घरात मराठी आणि कचेरीत गुजराती. सरकारी कागद समजला नाही म्हणून हक्क बुडणे म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. सयाजीराव महाराजांच्या सरकारने १९३१ साली 'सयाजीशासनशब्दकल्पतरू' नावाचा कोश छापला. कारभारातल्या इंग्रजी शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली अशा सात भाषांतले प्रतिशब्द त्यात आहेत. राजा मराठी, प्रजा बहुतांशी गुजराती, आणि नवा कारभार इंग्रजीतून शिकलेला. तेव्हा शब्द जुळवून घेतल्याखेरीज राज्य नीट चालणार नाही, हे त्या राज्यकर्त्याला उमगले होते. आमच्या कारखान्यात इंग्रजी शेरा हातात घेऊन कामगार माझ्या टेबलाशी येत आणि "साहेब, हे माझ्याविषयी चांगलं आहे की वाईट?" असे विचारीत. मी त्यांना गुजरातीत किंवा मराठीत सांगत असे. संगणकाच्या पडद्यावरच्या इंग्रजी अंकांचा अर्थ आज त्यांच्या नातवंडांना कोण सांगणार? जो निर्णय ज्याच्या पोटावर येतो, तो त्याला त्याच्या भाषेत समजला पाहिजे. न समजलेल्या निर्णयाविरुद्ध दाद कशी मागायची?

कुणी म्हणेल, हजारो माणसे असलेल्या कंपनीत प्रत्येकाला भेटून कारण सांगत बसले तर धंदा कसा चालायचा? शंका रास्त आहे. हजेरी, रजा, पगार, प्रशिक्षण, अगदी अर्जांची पहिली चाळणीसुद्धा यंत्राने खुशाल करावी, मात्र तिची तपासणी माणसाने अधूनमधून करावी. पण माणसाला काढणे, खाली उतरवणे, त्याच्या नावापुढे कायमचा डाग लावणे, हे निर्णय रोजचे नसतात. आणि एका दिवशी इतके निर्णय घ्यायचे असतील की एकेका माणसाकडे पाहायलाही सवड नाही, तर ते निर्णय मुळातच घाईचे आहेत असे समजायला हरकत नाही. शिवाय ही काही माझ्या मनची नवी मागणी नाही. १९४७ सालच्या औद्योगिक विवाद कायद्यात छाटणी करताना कामगाराला महिन्याची लेखी नोटीस द्यावी किंवा तेवढा पगार द्यावा आणि नोटिशीत कारण लिहावे, अशी तरतूद पुढे घालण्यात आली होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांत नोकरीवर घेताना प्रत्येकाला नेमणूकपत्र देण्याचे बंधन आहे. आत येताना कागद हवा, हे सगळ्यांना पटले. मग बाहेर पाठवताना कारणाचा कागद फक्त कायद्याच्या व्याख्येतल्या कामगारालाच का? पडद्यापुढे बसून काम करणारा, 'एक्झिक्युटिव्ह' म्हणवणारा, व्याख्येबाहेरचा मुलगा माणूस नाही का?

माझ्या सुनेसारखी कितीतरी मराठी मुले-मुली आज या खात्यांत काम करीत आहेत. बेळगावात, बिदरला, बऱ्हाणपुरात, बडोद्यात आणि समुद्रापलीकडेही. त्यांच्यातली काही आज निरोप पाठवणारी असतील; उद्या ती पद्धती आखणारी होतील. त्यांनी पद्धती जरूर आधुनिक कराव्यात. फक्त आखताना त्या साखळीत एक जागा रिकामी ठेवू नये. तिथे नावागावाचा, अधिकार असलेला, निर्णय फिरवू शकणारा एक माणूस बसवावा आणि त्याचे नाव कागदाच्या तळाशी लिहावे. अंक यंत्राने द्यावा. सही माणसाने करावी. आणि 'होय, हे मी ठरवले; याचे कारण हे; आणि मी चुकलो असेन तर मला दाखवा' असे समोरच्याला त्याच्या भाषेत सांगण्याची ज्याची तयारी नाही, त्याने दुसऱ्याच्या चुलीवर पाणी ओतणाऱ्या कागदाला हातच लावू नये.